हार्वेस्टर आल्यावर ऊसतोड कामगाराने नेमके कोणते प्रशिक्षण घ्यावे?

डोंगरपट्टा (प्रश्न)

नमस्कार. मी वडवणी तालुक्यातील एका गावात सोसायटीची लिखापढी करतो. प्रश्न माझ्या पुतण्याचा आहे; परंतु आमच्या गावातील निदान वीस-पंचवीस घरांना तो जसाच्या तसा लागू पडतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पुतण्याचे वय २८ वर्षे, शिक्षण नववी नापास. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून तो आणि सूनबाई असा एक कोयता सात हंगाम पश्चिम महाराष्ट्रातील एकाच कारखान्याला जात आहे. गेल्या वर्षी मुकादमाने (टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराने) जोडीला एक लाख रुपये उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, दिली होती. यंदा तो साठ हजारांच्या वर सरकायला तयार नाही. त्याचे म्हणणे असे की, कारखान्याच्या त्या गटात हार्वेस्टर (ऊस तोडणारी यंत्रे) वाढले असून रुंद सरीचा, उभा ऊस यंत्राकडे जाणार आहे. लोळलेला, पाणथळ वावरातला आणि यंत्र वळायला जागा नसलेल्या तुकड्यांतला ऊस तेवढा टोळीकडे राहील. म्हणजे जो तोडायला सर्वांत जड, तो ऊस माणसाच्या वाट्याला आणि टनाचा दर मात्र तोच. मागच्या उचलीतील बावीस हजार रुपये अजून अंगावर आहेत. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला तेव्हा गावात समाधान होते. परंतु टनच कमी मिळणार असतील तर त्या वाढीचा हिशेब कोणाशी मांडायचा?

त्याने प्रशिक्षणाचा प्रयत्न केला नाही असे नाही. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी केंद्रात विजेच्या कामाच्या तीन महिन्यांच्या मोफत वर्गात त्याने नाव घातले होते. तिथे हजेरी अंगठ्यावर होती. कोयत्याच्या मुठीने आणि उसाच्या कुसाने त्याच्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की यंत्रावर अंगठा उठत नाही. पुसून, ओला करून, पुन्हा पुन्हा ठेवून एखादे वेळी उठायचा. एकोणीस दिवस तो वर्गात बसला आणि यंत्रात अकरा दिवस भरले. केंद्रचालकांना विचारले तर ‘सिस्टीम घेत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. तेवढ्यात दिवाळी झाली, मुकादमाचा ट्रॅक्टर वेशीत येऊन उभा राहिला आणि प्रशिक्षण तिथेच राहिले.

आता तो पुन्हा विचारतो आहे आणि योजनांची नावे ऐकून मीच गोंधळलो आहे. नववी नापास माणसाला खरोखर उपयोगी पडेल असे कोणते प्रशिक्षण आहे, त्या काळात घर कसे चालवायचे, आणि हार्वेस्टर चालवायला शिकणे शहाणपणाचे ठरेल का, हे जाणकारांनी सांगावे. सूनबाईंचाही विचार व्हावा, कारण मजुरी आजवर दोघांची मिळूनच आलेली आहे.

निवृत्त निदेशक

मी मराठवाड्यातील एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डर व्यवसायाचा निदेशक म्हणून २६ वर्षे काम केले. आधी एक गैरसमज दूर करतो. नववी नापास म्हणजे कागदावर आठवी पास, आणि ही गोष्ट आपल्या पुतण्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. १९५० पासून चालत आलेल्या आयटीआयच्या शिल्प कारागीर योजनेत बहुतेक व्यवसायांना दहावी लागते. परंतु वेल्डर आणि वायरमन या व्यवसायांना आठवी पास चालते, आणि प्रवेशासाठी वयाची वरची मर्यादा नाही. शाळेतून आठवीचा निकाल आणि शाळा सोडल्याचा दाखला आधी काढून ठेवावा. माझ्याकडे चाळिशीतले एक गृहस्थ मुलाच्या वयाच्या पोरांबरोबर वेल्डिंग शिकून गेले आणि आज त्यांचे गेट-खिडक्यांचे दुकान आहे.

तथापि वेल्डरचा अभ्यासक्रम वर्षाचा आहे आणि वायरमनचा दोन वर्षांचा. अंगावर बावीस हजार बाकी असलेल्या, मुलाबाळांच्या माणसाला वर्षभर बिनकमाईचे राहा असे मी कोणत्या तोंडाने सांगू? (कोयता चालवलेला हात वेल्डिंगला चांगला, असे लोक म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. ताकद असते, पण कोयत्याला मनगटाचा झटका लागतो आणि आर्क धरायला तेच मनगट स्थिर ठेवावे लागते. पहिले पंधरा दिवस अशा मुलांचा रॉड पत्र्याला चिकटतो आणि ते वैतागतात. महिन्याभराने मात्र त्यांच्याइतका वेळ उन्हात वाकून कोणी काम करत नाही.)

त्यामुळे माझा कल ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेकडे, म्हणजे ज्याला बोलताना आरसेटी म्हणतात त्या संस्थेकडे आहे. १९८२ मध्ये कर्नाटकातील उजिरे येथे सुरू झालेल्या एका संस्थेच्या धर्तीवर या संस्था उभ्या राहिल्या आणि साधारणपणे जिल्ह्याची अग्रणी बँक त्या चालवते. प्रशिक्षण, राहणे आणि जेवण मोफत असते; वर्ग आठवड्यापासून दीड महिन्यापर्यंतचे असतात आणि नंतर दोन वर्षे पाठपुरावा करण्याची जबाबदारी संस्थेवर असते. घरगुती वायरिंग, दुचाकी दुरुस्ती, मोटार रिवाइंडिंग (जळालेल्या मोटारीत तार पुन्हा गुंडाळणे) असे वर्ग तिथे निघतात. यांतले रिवाइंडिंग मी विशेष सुचवीन. आपल्याकडे विहिरीवरच्या आणि बोअरच्या मोटारी कमी दाबाच्या विजेने किती जळतात हे कोणाला सांगायला नको. आणि जळालेली मोटार शेतकरी दोन दिवससुद्धा बंद ठेवू शकत नाही. फक्त एक लक्षात घ्यावे: मोटारी जळण्याचा हंगाम कार्तिकापासून वैशाखापर्यंत, म्हणजे नेमका ऊसतोडीचाच हंगाम आहे. शिकायचे तर गावात राहण्याची तयारी ठेवूनच शिकावे. ‘शिकून ठेवतो आणि यंदा एवढा एक पट्टा (तोडीचा हंगाम) पाडून येतो’ असे म्हणणाऱ्याच्या हातातली तार सहा महिन्यांत परकी होते.

अंगठ्याचे म्हणाल तर आधार केंद्रावर बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्यावे. आधारमध्ये बुबुळांवरून आणि चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे. केंद्राने ती वापरली नाही, हा दोष मुलाचा नव्हे.

पाचट

मी केज तालुक्यातला. आधी कोयता, मग मागचे चार हंगाम हार्वेस्टरवर. आपण विचारलेल्या शेवटच्या प्रश्नाला अनुभवाने उत्तर देतो.

एका यंत्रावर दोन पाळ्यांचे मिळून आम्ही सहा जण असतो. त्यांखेरीज कापलेला ऊस झेलत बाजूने चालणाऱ्या इनफिल्डरचे ट्रॅक्टरवाले वेगळे. चांगल्या फडात (तोडीच्या शेतात) आमचे यंत्र दिवस-रात्र मिळून सव्वाशे टनांपर्यंत तोडते. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो. म्हणजे साठ-ऐंशी कोयत्यांचे, सव्वाशे ते एकशे साठ माणसांचे काम आठ-दहा जणांवर आले. राज्य शासनाने २०२३ मध्ये ९०० ऊसतोडणी यंत्रांसाठी अनुदान जाहीर केले, किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. प्रत्येक यंत्रावर पुढे ऊसतोड कामगारच बसले तरी काही हजारांचीच सोय होते, आणि कोयत्यावर जगणारे लोक काही लाखांत आहेत. तेव्हा सगळ्या गावाला ‘ऑपरेटर व्हा’ असे सांगणे ही फसवणूक आहे. एकट्या पुतण्यासाठी मात्र वाट बंद नाही.

मी स्वतः कोणत्याही वर्गात शिकलो नाही. पहिला हंगाम हेल्पर म्हणून काढला. हेल्परचे काम म्हणजे ऊस बुडातून कापणाऱ्या बेस कटरची पाती बदलणे. दगडाचे वावर लागले की एका पाळीत पाती दोनदा बदलावी लागतात. रात्री दोन वाजता, डोक्यावरच्या बॅटरीच्या उजेडात, यंत्राच्या पोटाखाली पाठीवर झोपून. हायड्रॉलिकचा पाइप फुटला तर तापलेले तेल अंगावर येते. मालकाची कोटीच्या घरातली वस्तू असते, त्यामुळे तो कागद बघून कोणाच्या हातात स्टिअरिंग देत नाही. हंगामभर पाती बदलताना बघतो आणि मग देतो. प्रमाणपत्राचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही, कारण ट्रॅक्टर आणि हायड्रॉलिकचे पायाभूत शिक्षण असलेला हेल्पर दुसऱ्याच हंगामात वर सरकतो. मला तीन हंगाम लागले.

आणखी एक. निदेशक सर तोड सोडून गावात राहायला सांगतात; त्यांच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, यंत्र आले म्हणून हातची तोड उद्याच संपणार नाही. लहान तुकडे, ओली काळी जमीन, अरुंद सरी, यांत यंत्र फसते आणि वर पाचटापोटी वजनात कपात होते म्हणून शेतकरीही कुरकुरतो. पण उचल ठरवताना मुकादमाच्या तोंडी हार्वेस्टरचे नाव येणे एवढेसुद्धा आपला भाव पडायला पुरते, आणि तेच यंदा झाले आहे. घाईने चुकीचा वर्ग धरण्यापेक्षा एक हंगाम विचार करून बाहेर पडलेले बरे.

गोदाकाठचा मास्तर

मी नांदेडला अर्थशास्त्र शिकवतो. ‘कोणते प्रशिक्षण’ याची उत्तरे वर चांगली आली आहेत. त्याच्या अलीकडचा प्रश्न असा की, ज्याचे काम गेले तो माणूस आपल्या योजनांना दिसतो का.

१९९२ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने राष्ट्रीय नूतनीकरण निधी उभारला. आर्थिक सुधारणांमुळे ज्यांचे काम जाईल त्यांचे पुनर्प्रशिक्षण हा त्याचा एक घोषित हेतू होता. प्रत्यक्षात पैशाचा मोठा भाग सार्वजनिक उपक्रमांतील स्वेच्छानिवृत्तीवर गेला आणि पुनर्प्रशिक्षण मागे पडले. औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्ये झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात कपात केलेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे. मालकाने शेवटच्या १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम त्यात भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या कायम कामगाराला यातून थोडेफार मिळेल. ऊसतोड कामगाराचे नाव मात्र कारखान्याच्या हजेरीपटावर नसतेच. त्याचा व्यवहार मुकादमाशी आणि मुकादमाचा कारखान्याशी. ज्याला कामावर घेतल्याची नोंद नाही त्याला कामावरून काढल्याचीही नोंद होत नाही. यंदा त्याला कोणी काढले नाही, फक्त उचल कमी दिली. आणि ‘उचल कमी मिळालेला’ असा रकाना कोणत्याच अर्जात नाही.

दुसरी अडचण सर्वत्र आढळते. अमेरिकेने १९८२ मध्ये गरीब आणि विस्थापित कामगारांच्या प्रशिक्षणासाठी कायदा केला आणि स्थानिक संस्थांचे यश किती लोकांना नोकरी लागली यावर मोजायला सुरुवात केली. परिणाम असा झाला की, ज्यांना तशीही नोकरी लागली असती अशांना प्रवेश देण्याकडे संस्थांचा ओढा असल्याची टीका होऊ लागली. दुधावरची साय आधी काढून घ्यावी तसा हा प्रकार. तिथल्या सरकारने १६ ठिकाणच्या सुमारे वीस हजार अर्जदारांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली, काहींना प्रशिक्षण दिले, काहींना नाही, आणि नंतरची कमाई ताडून पाहिली. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कमाईत माफक वाढ दिसली. शाळा सोडलेल्या तरुणांच्या कमाईत जवळजवळ काहीच नाही. तो कायदा १९९८ मध्ये बदलण्यात आला.

आपल्याकडे साय काढण्याचे काम अटीच करतात. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. तिच्यात दरमहा ६, ८ आणि १० हजार रुपये विद्यावेतन ठरले, परंतु तिची सुरुवातच बारावी पासपासून होते. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना ग्रामीण गरिबांचीच आहे, पण सर्वसाधारण उमेदवाराला वयाची मर्यादा ३५, आणि केंद्राच्या पैशाचा काही भाग उमेदवार नोकरीत टिकल्याचे दाखवल्यावरच मिळतो. मग केंद्र कोणाला निवडेल, नुकत्याच बारावी झालेल्या मुलीला की दोन लेकरांच्या बापाला? आपल्या पुतण्याला वयाने अजून सात वर्षे आहेत. त्याच टोळीतल्या ४० वर्षांच्या माणसाने कुठे जावे, याचे समाधानकारक उत्तर मला देता येत नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच अंगी असलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची सोय ५९ वर्षांपर्यंत आहे. पण ऊस तोडता येतो याचे प्रमाणपत्र घेऊन तो कोणाच्या दारात उभा राहणार?

डोंगरपट्टा

सर्वांचे आभार. मास्तरांनी म्हटले ते ४० वर्षांचे गृहस्थ माझ्या सख्ख्या शेजारी राहतात. एक खुलासा करतो: पुतण्याला दोन मुले आहेत, एक पाच वर्षांचे आणि एक तीन. आईवडील गावातच असतात. रिवाइंडिंगचे त्याच्या मनाने घेतले आहे, परंतु ‘मी गावात थांबलो तर हिने एकटीने फडात काय करायचे’ या प्रश्नावर गाडी अडली आहे.

बचतगटाची ताई

दादा, मी धारूर तालुक्यात ‘उमेद’च्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचतगटांचे काम बघते आणि आठ हंगाम फडात काढलेले आहेत. सूनबाईंचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात. मला वाटते तो आधी विचारायला हवा होता.

योजना माणसे मोजते आणि मुकादम जोड्या मोजतो. पुतण्या महिनाभर शिकायला गेला की कोयता अर्धा होतो. अर्ध्या कोयत्याला बरेच मुकादम उचल देत नाहीत. दिली तर बाई दुसऱ्या कोणाच्या तरी जोडीत घातली जाते, आणि त्यातून काय प्रसंग येतात ते मी इथे लिहीत नाही. म्हणून एकट्याचे प्रशिक्षण ठरवू नका. दोघांचे एकाच पावसाळ्यात ठरवा आणि उचल घेण्याच्या आधी ठरवा, कारण एकदा उचल घेतली की आपला दिवाळीनंतरचा काळ आपण विकलेला असतो.

पट्टा पडल्यावर माणसे चैत्रात घरी येतात आणि दसऱ्यानंतर जातात. मृग ते पितृपक्ष एवढाच आपला शिकण्याचा हंगाम. पण माझ्या पाहण्यात वर्गांची मंजुरी, निधी आणि उद्दिष्टाची घाई दिवाळीनंतर सुरू होते, आणि मार्चअखेरीस गावात जी माणसे असतात त्यांचीच नावे भरली जातात. रोजगार हमीच्या मजुरांसाठी ‘उन्नती’ नावाचा उपक्रम आला होता. त्यात शिकण्याच्या काळात मजुरीच्या दराने पैसे मिळायचे, म्हणजे घर कसे चालवायचे या तुमच्या प्रश्नाचे नेमके उत्तर. पण अट अशी ठेवली की कुटुंबाने वर्षात १०० दिवस रोजगार हमीचे काम केलेले असावे. जे घर सहा महिने दुसऱ्या जिल्ह्याच्या फडात असते त्याचे इथे १०० दिवस कसे भरणार?

सूनबाईंना सरळ शिवणकामाला बसवू नका. माझ्या एका गावात शिलाई मशिनी सोळा आहेत आणि ब्लाउज शिवून घेणाऱ्या बायका तेवढ्याच; बाकीच्यांचे कपडे तालुक्याहून तयार येतात. त्यापेक्षा दहा दिवसांचे शेळीपालन बघा. उस्मानाबादी शेळी आपल्या हवेची आहे, बऱ्याचदा जुळी देते आणि बाभळीच्या पाल्यावर निभावते. शेळी मात्र फडात नेता येत नाही. सासूसासरे गावात आहेत म्हणून हे तुमच्याकडे जमेल. ज्या घरात मागे कोणीच राहत नाही तिथे मी शेळी सुचवत नाही.

लेकरांना सोडून निवासी वर्गाला जाणे बाईला होत नाही, हेही खरे. त्यावर उपाय आहे. आरसेटी गावात येऊनही वर्ग घेते, फक्त तुकडी भरली पाहिजे. साधारण २५ ते ३५ जणांची तुकडी लागते. तुम्ही स्वतःच लिहिले आहे की वीस-पंचवीस घरांचा हाच प्रश्न आहे. मग एकट्याचा अर्ज कशाला? चैत्र-वैशाखात नावे गोळा करा, ग्रामसंघाचा (गावातल्या बचतगटांच्या संघाचा) ठराव घ्या आणि जूनमध्ये गावातच वर्ग मागा. तुमच्या ४० वर्षांच्या शेजाऱ्यांचे नावही त्यात घाला. रिवाइंडिंगला मात्र यंत्रे लागतात, त्यासाठी पुतण्याला जिल्ह्याला राहावेच लागेल.

ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र दोघांच्या नावाने वेगवेगळे घ्या. ऊसतोड कामगारांच्या कल्याणकारी महामंडळासाठी टनामागे १० रुपये कारखान्यांनी द्यायचे ठरले आहे. त्यातून उद्या प्रशिक्षणाला काही निघाले, तर मास्तर म्हणतात तो रकाना निदान त्या कार्डावर तरी भरलेला असेल.

निवृत्त निदेशक

ताईंचे पटले. माझ्या हिशेबात सूनबाई आल्याच नव्हत्या. एक व्यावहारिक भर घालतो: पहिल्या वर्षी पुतण्याने स्वतःचे दुकान थाटू नये. तालुक्याच्या गावी ज्याच्याकडे मोटारी येतात अशा कारागिराकडे हंगामभर रोजंदारीवर बसावे. तार किती गेजची, वेटोळे किती, हे वर्गात कळते. जळालेली मोटार उघडल्यावर वास कशाचा येतो आहे हे दुकानातच कळते.

डोंगरपट्टा

काल रात्री पारावर बसून नावे लिहिली. २७ झाली. त्यांतली चार खोडावी लागली, कारण त्यांनी पुढच्या हंगामाची उचल आत्ताच घेतलेली निघाली. म्हणजे २३ राहिली. सूनबाईंनी स्वतःचे नाव शेळीपालनात सांगितले आणि पुतण्याचेही तिनेच सांगितले. आठवीचा दाखला काढायला सोमवारी शाळेत जातो आहे. ताई, अर्ज ग्रामपंचायतीच्या नावाने द्यावा की ग्रामसंघाच्या?

बचतगटाची ताई

ग्रामसंघाच्या नावाने द्या, ग्रामपंचायतीचे पत्र सोबत जोडा, आणि पोहोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून उठू नका. कमी पडणारी नावे शेजारच्या वस्तीवरून आणा. आमच्याकडे दोन तुकड्या अशाच भरल्या आहेत.